हात वर

३ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद लिहिला तर म्हणशील, दादाला आता पुळका आला. नाही लिहिला तर म्हणशील, माज अजून उतरलेला नाही. तेव्हा ती ओळ तुझी तू भरून घे, मी मुद्द्यावर येतो. तुझी मुलगी माझ्या घरी आहे. धडधाकट आहे.

काल दुपारी मी शेडमध्ये एका काइटच्या शिवणीला ठिगळ लावत बसलो होतो, तर दारातला उजेड गेला. वर बघतो तो भिंगरी. पाठीला तिच्याहून मोठी पिशवी. सहा वर्षांत जिने काकाला साधा एक मेसेज केला नाही ती पोरगी, कसे आहात नाही, काही नाही, सरळ म्हणते, "काका, मला काइटसर्फिंग शिकवा. पतंगाच्या ओढीवर पाण्यावरून फळी पळवायची आहे मला."

मी विचारलं, "बापाला सांगून आलीस?"

"तुम्ही सांगा. माझं ऐकून घ्यायला ते एका जागी बसत नाहीत."

घ्या! म्हणजे वाघाच्या जबड्यात हात मी घालायचा. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या वहिनीचा नंबरही तू बंद करून ठेवला आहेस, जिने तुला दवाखान्यात दोन महिने डबे पोचवले. म्हणून हे पत्र.

मी तिला नाही म्हटलं. एकदा नाही, तीनदा. म्हटलं, तुझ्या बापाच्या खांद्याचं काय झालं ते तू पाहिलं आहेस, पुन्हा त्या घरातलं माणूस मी पाण्यात उतरवणार नाही. ती म्हणाली, "बरं. मग मी पलीकडच्या किनाऱ्यावर जाते." पलीकडच्या किनाऱ्यावर तो गॉगलवाला आहे. सकाळी दहाला पट्टा बांधतो, बारा वाजता माणूस पाण्यात आणि एक वाजता माणूस कुठे आहे ते त्यालाही माहीत नसतं. तुझी वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाडं मोडायचीच असतील तर घरच्या माणसाकडून मोडू देत की." तिला हे विनोद सुचतात कसे, मला कळत नाही.

तर शिकवतो आहे. माझ्या पद्धतीने. पाच दिवस नुसती वाळू, पाण्याला पायाचा अंगठाही लावायचा नाही. तिने तिथेच तोंड वाकडं केलं. तिची सुट्टी तीन आठवड्यांची आहे. कानाच्या डॉक्टरांकडे लोकांना ऐकू येतं की नाही ते तपासायचं काम करते ना ती आता? मग स्वतःचे कान आधी तपासून घे म्हणावं, कारण माझं एकही वाक्य तिच्या कानात एका फेरीत शिरत नाही.

कळवलं. माझं काम झालं.

दादा


७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. "तिला परत पाठव." तीन शब्द, लाल रंगात, प्रत्येक अक्षराला उजवीकडून सावली. सहा वर्षांनी भावाला लिहितोस आणि दुकानाची पाटी पाठवतोस!

अरे, ती तेवीस वर्षांची आहे. तिला काय गुंडाळून, वर पत्ता लिहून पाठवू? मी तुझं कार्ड तिच्यासमोर ठेवलं. ती म्हणाली, "बाबांचा त अजून किती छान येतो," आणि चहा प्यायला निघून गेली. पालथ्या घड्यावर पाणी.

आता तू काळजी करत असशीलच, तुझा तो स्वभाव आहे, म्हणून काय चाललंय ते सांगतो. तुझ्यावर उपकार म्हणून नाही.

पहिला दिवस काइटला हात नाही. नुसता वारा बघायचा. मूठभर वाळू हातातून सोडायची आणि कुठे जाते ते बघायचं. वारा समुद्रावरून तिरपा किनाऱ्याकडे येत असेल तर ठीक, काही चुकलं तरी तो माणसाला जमिनीवर आणून टाकतो. वारा जमिनीवरून समुद्राकडे जात असेल तर काइट पिशवीतून बाहेर काढायचा नाही. कितीही ऊन छान असो, पाहुणे बघत असोत, कोणी काही म्हणो. दुसरा नियम, वारा जिकडे जातोय तिकडे शंभर पावलं मोकळी हवीत. झाड नको, होडी नको, बांध नको. होय, बांध नको. मला माहीत आहे तू इथे थांबून काय म्हणालास.

दुसऱ्या दिवशी छोटा काइट, दोन दोऱ्यांचा. डोक्यावर बारा वाजले असं समजायचं, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. बाराला काइट गुमान उभा राहतो. समोर मध्यावर आणला की अंगात आल्यासारखा ओढतो. तिच्याबरोबर एक बँकवाला शिकतो आहे, ज्याने घरी बसून चाळीस व्हिडिओ पाहिले आहेत आणि म्हणून त्याला सगळं येतं. त्याला म्हटलं, काइट तीनला ने. त्याने मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाला, "सर, अजून अकराच वाजलेत." अशा लोकांच्या हातात मी नऊ मीटर कापड आणि चार दोऱ्या देतो. माझे केस गळले ते उगाच नाही.

तिसऱ्या दिवसापासून लाल मूठ. बार, म्हणजे दोऱ्या बांधलेला हातातला आडवा दांडा, त्याच्या वर, कमरेच्या पट्ट्यापाशी, लाल मूठ असते. पुढे ढकलली की काइटचा सगळा जोर जातो आणि तो एका दोरीवर फडफडत पडतो. पायऱ्या दोन. आधी बार हातातून सोडायचा, तेवढ्याने जोर उतरतो. नाही उतरला तर लाल मूठ ढकलायची. तिला डोळे मिटून ढकलायला लावतो, पळताना, पाठीवर पडून, मी मध्येच कानाशी किंचाळून. आज शंभर झाले. तळहाताला फोड आला तिच्या. तक्रार केली नाही, पण प्रश्न! प्रश्नांनी डोक्यावर मिऱ्या वाटते. "काका, त्या दिवशी तुम्ही नेमके कुठे उभे होतात? किती पावलांवर? लाटा मोठ्या होत्या का? बाबांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मग कान झाकलेले होते का?" मी म्हटलं, शिकायला आली आहेस की पंचनाम्याला?

जाता जाता. शेडवरची पाटी तू "येथे काइट" एवढीच रंगवून गेलास ती तशीच आहे. लोकांना वाटतं मी पतंग विकतो. काल एक बाई नातवाला घेऊन आल्या आणि मांजा मागत होत्या. दुसऱ्या रंगाऱ्याला बोलवा, असं तुझी वहिनी वर्षाला एकदा म्हणते. मला वेळ झाला नाही.

दादा


११ फेब्रुवारी

अरे शहाण्या,

दुसरं कार्डही मिळालं. "ओढ म्हणालास तू." या वेळी काळ्या रंगात आणि सावलीशिवाय. म्हणजे तू खरंच चिडलेला आहेस.

झालं? काढलंस पुन्हा उकरून? मी तुझ्या पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपतोय आणि तुझं आपलं तेच पालुपद. ठीक आहे. काढलंच आहेस तर एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे कागदावर राहील.

रविवार होता. तूच हट्ट धरलास की दादा, मला एकदा पाण्यात घेऊन चल. वारा अठरा नॉटचा होता. ही काही वादळाची हवा नाही, अठराला मी कित्येकांना शिकवलंय. तू कमरेएवढ्या पाण्यात होतास. मी साठ पावलांवर. एक झोत आला, तुझा काइट मध्यावर घसरला. अशा वेळी काय करायचं असतं? बार सोडायचा. शेंबडं पोरही सांगेल. मी घसा फोडून ओरडलो, सोड! आणि तू काय केलंस? बार छातीशी ओढून घेतलास. दोन्ही हातांनी. जोर दुप्पट झाला, तू पाण्यातून उचलला गेलास आणि बांधावर आदळलास. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो तुला ऐकू आला नसेल, तू तोवर शुद्धीवर नव्हतास.

आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय? डॉक्टर उभे, वहिनी उभी, सतरा वर्षांची पोरगी पलंगाचा गज धरून उभी, आणि तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणतोस, "हा ओढ म्हणाला म्हणून मी ओढलं."

मी! तेव्हाच नऊ वर्षं हा धंदा केलेला मी, सुटलेल्या काइटला ओढ म्हणेन? मी चिडलो. चिडलो, हे कबूल. दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांच्या देखत म्हणालो की स्वतः घाबरला आणि खापर माझ्या डोक्यावर फोडतोय. ते तुझ्यापर्यंत पोचलं. त्यानंतर तू बोलला नाहीस, मीही बोललो नाही.

माणूस घाबरला की हातातलं घट्ट धरतो. त्यात लाज नाही, सगळे धरतात. पण तसं म्हण ना! माझ्या तोंडी नसलेला शब्द का घालतोस? तुझा खांदा गेला त्याचं मला दुःख नाही असं तुला वाटतं का? तू शिडीवर चढून दोन माणसांएवढी अक्षरं काढायचास आणि आता टेबलावर वीतभर नावाच्या पाट्या रंगवतोस, हे मला माहीत नाही का? गेल्या वर्षी तुमच्या गावातल्या त्या दातांच्या डॉक्टरांच्या दाराशी मी दहा मिनिटं उभा होतो. दात दुखत नव्हता. पाटी तुझ्या हातची वाटली म्हणून थांबलो.

ते जाऊ दे. मी सोड म्हणालो. सोड, सोड, सोड. शपथ घेऊन सांगतो, यापुढे यावर चर्चा नाही.

दादा


१५ फेब्रुवारी

आज तुला फक्त खबर.

भिंगरी पाण्यात उतरली. फळीशिवाय. आधी नुसतं काइटच्या जोरावर पालथं पडून पाण्यातून घसटत जायचं आणि परत किनाऱ्याला यायचं, हे जमल्याशिवाय पायाखाली फळी मिळत नाही. नाका-तोंडात पाणी गेलं, एकदा लहानशा खडकाशी गुडघा खरचटला, पण परत आली ते जिथून निघाली होती तिथेच. बँकवाला निघाला तिथून पाव मैल खाली जाऊन एका लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या मधोमध बाहेर आला. नवरीने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

परवा दिवसभर वारा जमिनीवरून होता. मी कोणाला उतरू दिलं नाही. गॉगलवाल्याने उतरवलं, आणि त्यातल्या एकाला मासेमारीच्या होडीने संध्याकाळी परत आणलं. होडीवाले माझ्या नावाने शिव्या देत होते, कारण त्यांना सगळे काइटवाले सारखेच.

तुझ्या पोरीचं डोकं शांत आहे. हे तुझ्याकडून आलेलं नाही आणि माझ्याकडून तर नाहीच.

तिसरं कार्ड आलं नाही. बरं वाटलं म्हणू की वाईट, ठरवतो आहे.

दादा


१८ फेब्रुवारी, दुपार

धाकट्या,

आधी हे वाच: ती ठीक आहे. समोर बसून चहात बिस्कीट बुडवते आहे. ती ठीक आहे. आता पुढचं.

सकाळी वारा पंधरा, तिरपा, समुद्राकडून. खाली दोनशे पावलं मोकळं. दोऱ्या मी तपासल्या, मग तिने तपासल्या, मग बँकवाल्याला तपासायला लावल्या. तोंडी परीक्षा घेतली. सगळं पुस्तकात लिहावं तसं. मी साठ पावलांवर उभा.

तिने काइट वर आणताना हात उलटा फिरवला. सगळे एकदा तरी फिरवतात. काइट मध्यावर आला आणि तिला ओढायला लागला. मी ओरडलो. सगळी ताकद लावून ओरडलो. सोड!

आणि तिने बार छातीशी ओढून घेतला.

धाकट्या, तेच पाणी, तसाच काइट, दोन कोपरं तशीच अंगाशी घट्ट. ती पाण्यातून वर उचलली गेली. मला पळता येईना. मी नुसता तोच शब्द ओरडत राहिलो आणि ती ओढतच राहिली. मग तिचा उजवा हात बारवरून निघाला आणि लाल मुठीवर गेला. ढकललं. काइट मेल्यासारखा पडला, ती धपकन पाण्यात. पाणी छातीएवढं होतं. चालत बाहेर आली.

मी तिच्यावर जे ओरडलो ते लिहीत नाही. म्हटलं, शंभर वेळा शिकवलं, बार सोड, बार सोड, आणि ऐन वेळी बापासारखी ओढतेस? हेच शब्द. बापासारखी.

ती वाळूवर बसली. खोकली, थुंकली. हेल्मेट काढलं. मग म्हणाली, "काका, तुम्ही ओढ म्हणालात."

मी म्हटलं, "मी सोड म्हणालो!"

"मला माहीत आहे तुम्ही सोड म्हणालात. तुम्ही दुसरं काही म्हणूच शकत नाही, हेही माहीत आहे. तरी मला ओढ ऐकू आलं. आणि मी ओढलं."

मग तिने सांगितलं ते तसंच्या तसं लिहितो, कारण मला ते अर्धंच कळलं. कानाच्या तपासणीत आवाज कमी कमी करत नेला की सगळ्यांत आधी जो जातो तो स. बारीक आवाज आहे, लांबून टिकत नाही, गोंगाटात तर नाहीच. आणि लाटा तर दिवसभर नुसतं स्स् स्स् करत असतात, त्यात माझा एक स कोणाला वेगळा सापडणार? स गेला की उरलं ओड. शेवटचा ड की ढ हे साठ पावलांवरून देवालाही कळणार नाही. त्यात शिकवताना मी दिवसभर ओढ ओढ करत असतो, पडलेला काइट उठवायला डावं ओढ, उजवं ओढ. कानाला सवय तीच.

मी म्हटलं, "तुला हे आधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं संशय होता. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, काकाची वकिली करू नकोस. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बापाची वकिली करू नकोस. म्हणून म्हटलं, आपणच जाऊन ऐकावं. आणि काका, गंमत बघा, मला सगळं माहीत होतं. उभी राहताना मनात म्हणत होते, ओढ ऐकू आलं तर सोडायचं. तरी ओढलं. माहीत असून ओढलं. बाबांना तर माहीतही नव्हतं."

तिची गंमत मला दिसली नाही. मी शेडमध्ये येऊन हे लिहितो आहे आणि माझं अक्षर बघ, तुला लाज वाटेल.

बाकी नंतर. मला आधी खात्री करून घ्यायची आहे. पोरीच्या एका शब्दावर मी सहा वर्षं खोटा पडणार नाही.

दादा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

खात्री केली.

काल सकाळी तुझ्या वहिनीला आणि बांधापाशी टपरी टाकणाऱ्या चहावाल्या बाईंना साठ पावलांवर उभं केलं, हातात कागद-पेन्सिल दिली. मी पाण्याकाठी उभा राहून दहा वेळा ओरडलो. कधी सोड, कधी ओढ, भिंगरीने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं त्या क्रमाने. तुझ्या वहिनीने दहाच्या दहा वेळा ओढ लिहिलं. चहावाल्या बाईंनी काहीच लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "यात लिहायचं काय? तुम्ही दहा वर्षं ओढच तर ओरडताय. मला वाटायचं, हा माणूस लोकांना आधी ओढायला सांगतो आणि मग का ओढलं म्हणून शिव्या घालतो. म्हटलं, असेल यांची काही पद्धत."

दहा वर्षं! ही बाई दिवसाला चार वेळा माझ्या हातात चहाचा कप देते. एकदा तोंड उघडायला काय झालं होतं? मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "तुम्ही कोणाचं ऐकता का?" तुझी वहिनी इतकी हसली की तिला वाळूवर बसावं लागलं. मला हसू आलं नाही. पंधरा वर्षांत किती जणांना मी बहिरे, मठ्ठ, घाबरट म्हणालो असेन, ते सगळे डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले. आणि त्यांच्या पुढे तू.

तर ऐक. तुला ओढ ऐकू आलं. तू खोटं बोलत नव्हतास. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य तू खरं बोललास, आणि मी तुला सगळ्यांसमोर खोटा ठरवलं. हे लिहायला मला दोन दिवस लागले. तीन कागद फाडले.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. दोष सगळा त्या स वर घालून आपण दोघे मोकळे. पण भिंगरी काल जेवताना म्हणाली, "काका, मलाही ओढच ऐकू आलं, पण मी वाचले. मग बाबा का नाही?" आणि मी हातातला घास ताटात ठेवला, कारण उत्तर मला माहीत होतं. सहा वर्षं माहीत आहे.

तिने लाल मूठ ढकलली. तिने शंभर वेळा ढकलली होती. तू एकदाही नाही. मी तुला लाल मूठ शिकवलीच नव्हती. म्हटलं, घरचाच आहे, याला कुठे वाळूवर पाच दिवस बसवायचं. शंभर वेळा मूठ ढकलायचा नियम, ज्याचा मी दुसऱ्या पत्रापासून टेंभा मिरवतोय, तो तुझ्या दुसऱ्या ऑपरेशननंतरचा आहे. त्याआधी असा नियम नव्हता.

आणि वारा अठराचा नव्हता. सव्वीसचा होता. मोजायचं यंत्र माझ्याच हातात होतं, मी आकडा बघितला आणि यंत्र खिशात टाकलं. बांध शंभर पावलांवर नव्हता, चाळीसवर होता. आणि हट्ट तू धरला नव्हतास. तू शिडीवर उभा राहून माझी पाटी रंगवत होतास. शहरातून आठ-दहा जण शिकायला नाव घालायला आले होते, आणि मला त्यांना दाखवायचं होतं की हे किती सोपं आहे, माझा भाऊसुद्धा करतो. तू म्हणालास, दादा, आज वारा बरा वाटत नाही. मी त्यांच्यासमोर म्हणालो, शिडीवर चढायला भीती नाही आणि पाण्यात उतरायला घाबरतोस? ते हसले. तू ब्रश डब्यात ठेवलास आणि खाली उतरलास.

तो डबा अजून शेडमध्ये आहे. ब्रश आत चिकटून बसलाय.

तेव्हा शब्दाचा दोष एक वाटा. बाकीचे सगळे माझे. सोड की ओढ यावर मी सहा वर्षं भांडत बसलो, कारण त्या भांडणात मी खरा होतो. बाकी कशात नव्हतो. मला माफ कर, असं लिहायचं आहे आणि ते लिहितो: मला माफ कर. नाही केलंस तर मी समजेन, आणि या वेळी जिन्यात उभं राहून काही बोलणार नाही.

आता कामाचं. सोड हा शब्द मी कालपासून बंद केला. त्याजागी काय, यावर घरात दोन तास कचेरी भरली. तुझी वहिनी म्हणाली "टाक", बँकवाला म्हणाला "रिलीज, सर", त्याला मी बाहेर बसवलं. शेवटी भिंगरी म्हणाली, "हात वर!" दोन्ही हात वर केले की बार आपोआप सुटतो. ऐकू आलं नाही तरी मी हात वर करून दाखवला की लांबून दिसतं. किनाऱ्यावर साठ पावलांवरून ओरडून बघितलं, चहावाल्या बाईंनाही नीट ऐकू आलं. सगळ्यांना पटलं. मग तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, हे तिथल्या प्रत्येकाला आठवलं. भिंगरीच पुढे म्हणाली, "बाबांचा जातो तेवढा वर. दिसेल आपल्याला."

मला पाटी हवी आहे. "येथे काइट"च्या खाली, मोठी, दोनच शब्द: हात वर. टेबलावर ठेवून रंगव, शिडीवर मी चढेन. उजवीकडून सावली दे. त जमेल तितका छान काढ, तुझ्या मुलीला आवडतो.

भिंगरी रविवारच्या दुपारच्या बसने परत निघणार होती. मी तिला म्हटलं, तुझा बाप न्यायला येईल. ती म्हणाली, "येतील?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय त्याचा दादा आहे?

पुलाच्या अलीकडे बस थांबते तिथे रविवारी सकाळपासून उभा राहीन. हाक मारणार नाही. माझ्या तोंडून निघेल काय आणि तुला ऐकू येईल काय, याचा आता मला भरवसा नाही. दोन्ही हात वर करून उभा असेन. लोक हसले तरी खाली घेणार नाही.

दादा